आजी-आजोबांची झोप कोण मोजणार?

तुमच्या घरी आजी किंवा आजोबा राहत असतील, तर त्यांच्या झोपेविषयी तुमचे एक मत नक्की तयार झालेले असेल. म्हाताऱ्या माणसांना झोप कमीच लागते! हे वाक्य आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेले असते, की ते खरे आहे की नाही हे तपासून पाहावे असे कोणाच्या मनातही येत नाही. पहाटे तीन वाजता स्वयंपाकघरात दिवा लागतो, पेल्याचा आवाज होतो, आपण कूस बदलतो आणि मनाशी म्हणतो, आजोबा उठले वाटते. त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटत नाही. मला मात्र असे म्हणायचे आहे की त्यात बरेच विशेष आहे, आणि नवी मुंबईत राहणाऱ्या वाचकांनी तर या गोष्टीकडे येत्या वर्षा-दोन वर्षांतच लक्ष द्यायला हवे. ते का, हे पुढे येईलच.

प्रथम 'लागते' आणि 'मिळते' या दोन शब्दांतला फरक ध्यानात घ्या. पासष्टी ओलांडलेल्या निरोगी माणसालाही रात्री सात ते आठ तासांची झोप हवी, असे झोपेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे वय वाढले म्हणून झोपेची गरज फारशी उतरत नाही. उतरते ती झोप धरून ठेवण्याची ताकद. मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख काढण्याची युक्ती जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून झोपेचे थर मोजता येऊ लागले. गाढ झोपेत या लहरी मोठ्या आणि संथ होतात. तुमच्या वयात रात्रीच्या पहिल्या भागात अशी झोप भरपूर असते. त्या वेळी तुम्हाला कोणी उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवले तरी पत्ता लागत नाही. वाढत्या वयाबरोबर हा संथ लहरींचा थर पातळ होत जातो. आजोबांची बरीचशी रात्र वरवरच्या झोपेत जाते. म्हणून गल्लीतून गेलेली मोटारसायकल तुम्हाला ऐकू येत नाही आणि त्यांना येते. त्यांचे कान तुमच्यापेक्षा मंद असूनही येते, हे लक्षात घ्या!

आता दुसरी गोष्ट. ती वरकरणी झोपेशी काहीच संबंध नसल्यासारखी वाटेल.

बोटात काटा मोडला की काय होते? ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. ही चार लक्षणे सेल्सस या रोमन ग्रंथकाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवली आहेत. या प्रकाराला आपल्याकडे शोथ म्हणतात. दाह असाही शब्द वापरतात. पण काटा मोडल्यावर सूज का यावी, हे कोडे उलगडायला १८८२ साल उजाडावे लागले. इल्या मेचनिकॉव्ह हे रशियन शास्त्रज्ञ तेव्हा सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत होते. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते. बागेतल्या गुलाबाचे काटे आणून त्यांनी ते त्या अळ्यांच्या अंगात टोचले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता! परक्या वस्तूवर चालून जाणाऱ्या या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक होत, असे त्यांनी सांगितले. १९०८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. एक गुलाबाचा काटा, एक अळी आणि एक नीट विचारलेला प्रश्न, एवढ्या भांडवलावर केलेला हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत नेहमी सांगावा असा आहे.

तर शोथ हा मुळात आपला शत्रू नाही. तो पहारा आहे. काटा निघाला, जंतू मेले, की पहारेकऱ्यांनी घरी जायचे असते. काही वेळा मात्र ते जात नाहीत. कोठेही काटा नाही, ताप नाही, सूज दिसत नाही, आणि तरीही रक्तात लढाईचे निरोप थोडे थोडे फिरत राहतात. वयस्क माणसांत हा धुमसता शोथ सर्रास आढळतो. क्लॉडिओ फ्रान्सेस्की या इटालियन संशोधकांनी २००० साली त्याला वार्धक्याशी जोडून एक स्वतंत्र नावच दिले. चूल विझवली, पण राखेखाली निखारा राहिला, असे समजा. घराला आग लागत नाही. पण वर्षानुवर्षे त्या धगीजवळ असलेल्या रक्तवाहिन्यांची अस्तरे खराब होतात. हृदयविकार, मधुमेह आणि स्मृतिभ्रंश या तिन्ही दुखण्यांशी या धगीचे नाते दिसून आले आहे.

ही धग मोजता येते, ही सोयीची गोष्ट. पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा रासायनिक निरोप सोडतात. तो यकृताला पोचला की यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रथिन तयार करून रक्तात टाकते. हे प्रथिन टिलेट आणि फ्रान्सिस यांना १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडले. डॉक्टर त्याला नुसते सी.आर.पी. म्हणतात. एक लिटर रक्तद्रवात ते १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर ठीक, ३ पेक्षा अधिक राहत असेल तर हृदयाला धोका अधिक, असा ढोबळ हिशेब आहे. मोठा जंतुसंसर्ग झाला की हाच आकडा शंभरावर जातो. म्हणजे आपण बोलतो आहोत ते अगदी मंद धगीविषयी. ती मंद आहे म्हणून दुर्लक्ष करावे असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर २०१७ मध्ये मिळाले. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रोग्यांवर एक औषध वापरून पाहिले. त्या औषधाने कोलेस्टेरॉल मुळीच उतरत नव्हते, उतरत होता तो फक्त शोथ; आणि तरीही नव्या झटक्यांचे प्रमाण कमी झाले.

झोप आणि ही धग यांची गाठ कोठे पडते ते आता पाहू. कॅलिफोर्नियातील मायकेल आयर्विन यांच्या गटाने २००६ मध्ये एक सुटसुटीत प्रयोग प्रसिद्ध केला. तीस निरोगी माणसांना एका रात्री ११ ते ३ पर्यंत जागे ठेवले. सबंध रात्र नव्हे, अर्धीच. सकाळी त्यांच्या रक्तातील मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तपासल्या, तेव्हा त्यांत इंटरल्यूकिन-६ तयार करण्याचे हुकूम तिपटीहून अधिक झालेले आढळले. एका अर्ध्या रात्रीचा हा परिणाम!

असे का व्हावे? शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारी जी अनुकंपी चेतासंस्था आहे, ती चांगल्या झोपेत शांत होते. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. झोप मोडली की ती पुन्हा तरतरीत होते आणि ॲड्रेनॅलीनच्या जातीची रसायने सुटतात. पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर या रसायनांना ओळखणारी कुलपे असतात. कुलूप उघडले की पेशीच्या केंद्रकात शोथाची जनुके जागी होतात. जंगलात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना याचा उपयोग असेल. रात्री दचकून उठावे लागले म्हणजे जखम होण्याचा संभव, तेव्हा सैनिक आधीच तयार असलेले बरे. वाशीच्या चौथ्या मजल्यावर झोपलेल्या आजींना त्याचा काहीएक उपयोग नाही.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी, नाही तर तुमचे विज्ञानाचे शिक्षक मला पकडतील. झोप बिघडलेल्या माणसांत शोथ जास्त आढळतो, एवढ्यावरून झोपेनेच शोथ होतो असे सिद्ध होत नाही. गुडघे दुखतात म्हणून शोथ असेल आणि गुडघे दुखतात म्हणूनच झोप येत नसेल! २०१६ मध्ये आयर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या ७२ अभ्यासांची, पन्नास हजारांहून अधिक माणसांची गोळाबेरीज केली. तीत झोपेची प्रत बिघडण्याचा संबंध सी.आर.पी. आणि इंटरल्यूकिन-६ या दोहोंशी दिसला. मात्र नुसते कमी तास झोपण्याचा संबंध तितका स्पष्ट नव्हता, आणि फार जास्त तास झोपणाऱ्यांत धग उलट अधिक होती. म्हणजे घड्याळातले तास मोजून भागत नाही. झोप सलग आहे की तुकड्यातुकड्यांची, हे पाहावे लागते. आणखी एका प्रयोगात, निद्रानाश असलेल्या १२३ प्रौढ व वृद्ध माणसांपैकी काहींना झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीची काळजी बदलण्याचे शिक्षण दिले, गोळ्या न देता. त्यांची झोप सुधारली आणि ज्यांची सी.आर.पी. चढलेली होती अशांचे प्रमाणही उतरले. तो अहवाल २०१४ चा. झोप सुधारल्याने धग उतरते, असे म्हणायला हा पुरावा पुष्कळच बळ देतो. मला स्वतःला तो पटतो.

आता नवी मुंबईकडे वळू. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, १९७३ मध्ये ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला आणि मुंबईच्या चाळींतून तरुण कुटुंबे खाडी ओलांडून येऊ लागली. रेल्वे वाशीला पोचली ती १९९२ मध्ये. तरुणांचे शहर अशीच या शहराची ओळख होती. पण शहर तरुण असते म्हणजे त्यातली माणसे तरुण राहतात असे नाही! त्या वेळी तिशीत असलेली माणसे आज पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहेत. शिवाय शहराच्या आधीपासून येथे असलेले आगरी आणि कोळी लोक आहेत. दिवाळे, सारसोळे, करावे या गावांतल्या जुन्या माणसांची झोप एके काळी भरती-ओहोटीच्या वेळांवर चाले. आज ती वाहनांच्या वेळांवर चालते.

या शहराची रात्र कशी आहे? शीव-पनवेल महामार्गावर बंदरातून आलेले कंटेनर रात्रभर धावतात. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात भाजीचे ट्रक रात्रीच यावे लागतात, कारण सकाळी साऱ्या मुंबईला भाजी हवी असते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने पाळ्यांत चालतात. यातले काहीही चैनीचे नाही, हे कबूल करायला हवे. भाजी तुम्हीही खाता. आणि आता यात विमानांची भर पडली आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुरू झाली. सुरुवातीला उड्डाणे दिवसाच्या वेळेपुरती ठेवली होती. पण एवढा मोठा विमानतळ कोणी कायमचा दिवसापुरता बांधत नाही. तो पूर्ण क्षमतेने चालू लागायला काही वर्षे लागतील. माझा सगळा मुद्दा या 'काही वर्षां'वर आहे.

विमानाच्या रात्रीच्या आवाजाने काय होते, हे युरोपात बारकाईने पाहिले गेले आहे. सहा विमानतळांभोवती राहणाऱ्या ४५ ते ७० वर्षांच्या ४,८६१ लोकांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्रीचा विमानांचा आवाज दर १० डेसिबेलने वाढला की उच्च रक्तदाबाचा संभव सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसले. जर्मनीत माइन्झ येथे २०१३ मध्ये ७५ निरोगी माणसांना त्यांच्या घरीच, झोपेत, विमानांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. एका रात्री ३० विमाने, एका रात्री ६०. सकाळी त्यांच्या रक्तवाहिन्यांची फुगण्याची क्षमता कमी झालेली आणि ॲड्रेनॅलीन वाढलेले होते. वर पाहिलेल्या साखळीतली हीच ती कडी! "आम्हाला सवय झाली आहे" असे विमानतळाजवळ राहणारे लोक सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. जागे होणे सवयीने कमी होते. नाडीचे उसळणे मात्र फारसे कमी होत नाही, कारण तो आवाज हृदयाला झोपेतही पोचलेला असतो.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. मुंबईचे डॉ. यशवंत ओक यांनी १९८५ मध्येच ध्वनिप्रदूषणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. २००० साली देशाचे ध्वनिप्रदूषण नियम झाले. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबेलची मर्यादा आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपकांबाबत कडक निकाल दिला. पण विमानांचे गणित वेगळे आहे. गजबजलेल्या विमानतळांच्या परिसरासाठी २०१८ मध्ये जी मर्यादा ठरली, ती रात्रीसाठी ६५ डेसिबेलची आहे. डेसिबेलचे माप कसे असते हे तुम्ही शिकला आहात: दर १० डेसिबेलला ध्वनीची तीव्रता दहापट. तेव्हा ४५ आणि ६५ यांत वीस डेसिबेलचे, म्हणजे शंभर पटींचे अंतर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेली शिफारस विमानांच्या रात्रीच्या सरासरी आवाजाला ४० डेसिबेलची आहे. शिवाय तिकडची घरे थंडीत बंद असतात. आपली खिडकी मे महिन्यात बंद करून झोपून दाखवावे! दमट हवेत पंखा आणि उघडी खिडकी हीच बहुतेक घरांची वातानुकूलन व्यवस्था असते. तेव्हा परदेशी आकडे जसेच्या तसे उचलून चालणार नाहीत. येथली मोजमापे येथेच करायला हवीत.

आणि ती आत्ताच करायला हवीत. उलवे, खारघर, बेलापूर, नेरूळ, पनवेल या भागांतल्या साठीपुढच्या निरोगी लोकांची झोप आणि सी.आर.पी. आज मोजून ठेवली, तर दहा वर्षांनी, विमाने कित्येक पट झाल्यावर, पुन्हा मोजून तुलना करता येईल. आज मोजले नाही, तर दहा वर्षांनी दोन पक्ष भांडत बसतील. एक म्हणेल, विमानांमुळे झाले. दुसरा म्हणेल, हे तर आधीपासूनच होते. आणि दोघांपाशीही कागद नसेल. सी.आर.पी.ची तपासणी काही शे रुपयांत होते. झोपेच्या प्रतीसाठी पिट्सबर्ग विद्यापीठात १९८९ मध्ये तयार झालेली एक प्रश्नावली जगभर वापरतात. उत्तरांना ० ते २१ गुण मिळतात आणि ५ पेक्षा अधिक गुण म्हणजे झोप बिघडलेली. धावपट्टीच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. तो करण्याची जबाबदारी विमानतळ बांधणाऱ्यांची आणि महानगरपालिकांची आहे असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट विमानतळावर २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित उड्डाणे बंद आहेत. तोही काही छोटा विमानतळ नव्हे. येथे तसे करावे की करू नये, हे आकडे हातात आल्यावर ठरवता येईल.

काही वाचक विचारतील, मग आजोबांना झोपेची गोळीच का देऊ नये? गोळीने येणारी झोप आणि नैसर्गिक झोप एक नव्हे, आणि अशा गोळ्यांच्या गुंगीत रात्री उठताना म्हातारी माणसे पडतात, हाड मोडते. डॉक्टरांनी न सांगता हा उद्योग कोणीही करू नये.

तुम्हाला करता येण्यासारखे मोजमाप साधे आहे. आजी-आजोबांची संमती घ्या आणि दोन आठवडे रोज सकाळी त्यांना चार गोष्टी विचारून वहीत लिहा: अंथरुणावर केव्हा पडलात, झोप लागायला अंदाजे किती वेळ लागला, मध्ये किती वेळा आणि किती वेळ जाग आली, शेवटी केव्हा उठलात. समजा आजोबा रात्री १० ला पडले आणि पहाटे साडेपाचला उठले. ही झाली ४५० मिनिटे. त्यांतली ९० मिनिटे जागेपणात गेली तर झोप ३६० मिनिटांची, म्हणजे अंथरुणातल्या वेळाच्या ८० टक्के. ८५ टक्क्यांच्या पुढे असेल तर झोप चांगली समजतात. रात्री दहानंतर खिडकीपाशी आवाज मोजायचा असेल तर मोबाइलवरचे ॲप चालेल, पण त्याचा आकडा नेमका मानू नका. एकाच मोबाइलने दोन खोल्यांची किंवा दोन रात्रींची तुलना तेवढी करा.

शिक्षकांना एक विनंती. अशा वह्या वर्गात गोळा करणार असाल तर त्यांवर नावे आणि घरांचे पत्ते नकोत. वय, सेक्टर, मजला, आणि झोपण्याच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे, खाडीकडे आहे की आतल्या चौकाकडे, एवढे लिहिले की पुरे. आतल्या चौकाकडच्या आजोबांची टक्केवारी रस्त्याकडच्या आजोबांपेक्षा वेगळी निघते का, हे पहिल्याच तक्त्यात दिसू लागेल.